डिझेल कॉम्पॅक्टर इलेक्ट्रिकवर घ्यायचे आहेत: बॅटरी किती, गिअरबॉक्स ठेवायचा का, आणि बॉडीच्या हायड्रोलिकचं काय?

डेपो_वर्कशॉप

नमस्कार. मागून भरायच्या, कचरा दाबून नेणाऱ्या कॉम्पॅक्टर गाड्यांचं इंजिन काढून त्या इलेक्ट्रिकवर घ्यायच्या आहेत. चॅसी आणि बॉडी तीच राहील. गाडी अशी: तीन ॲक्सल, एकूण वजन २६ टन, सहा सिलिंडरचं साधारण ३०० अश्वशक्तीचं इंजिन, टॉर्क कन्व्हर्टरवालं सहा गिअरचं ऑटोमॅटिक, त्यातच रिटार्डर (वेग रोखणारा जादा ब्रेक), आणि हायड्रोलिक पंप गिअरबॉक्सच्या पीटीओवर (बाहेरची यंत्रं फिरवायच्या शाफ्टवर). पाळी आठ तासांची. रोजचं अंतर ७५ किमी, त्यात गाडी रिकामी करायच्या दोन फेऱ्या. थांबे ७०० च्या आसपास. डिझेल सरासरी ६० लिटर. वाटेत एक चढ २० टक्क्यांचा आहे.

बॅटरीचे तीन प्रस्ताव आले आहेत: १४०, २४० आणि ३६० युनिट (युनिट म्हणजे किलोवॅट-तास). एकाच गाडीसाठी एवढा फरक कसा? शिवाय एक जण म्हणतो जुना गिअरबॉक्स ठेवा, दुसरा म्हणतो काढा. पंपाला वेगळी मोटर लागेल का? वजनाचं गणित कसं करायचं? आणि काम झाल्यावर नेमकं काय बिघडतं, हे ज्यांनी अशा गाड्या हाताळल्या आहेत त्यांच्याकडून हवं आहे.

मीटर_आधी

बॅटरीपुरतं लिहितो. तुमच्याकडे डिझेलचा आकडा आहे, तिथूनच सुरुवात करा.

एक लिटर डिझेलमध्ये जवळपास १० युनिट ऊर्जा असते. ६० लिटर म्हणजे ६०० युनिट. सतत थांबत-सुटत चालणाऱ्या आणि उरलेला वेळ उभ्या उभ्या पंप फिरवणाऱ्या इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर फ्लायव्हीलवर १५० युनिट मिळतात. स्टिअरिंगचा पंप, हवेचा कॉम्प्रेसर, हायड्रोलिक, सगळं त्यातच आलं. तेच काम बॅटरीवरून करताना इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणारा), मोटर आणि केबल मिळून १२ टक्के तोटा धरा, म्हणजे १७० युनिट लागतात.

आता ब्रेकमधून परत येणारी ऊर्जा. २० टनांची गाडी ताशी २० किमी वेगावरून थांबते तेव्हा तिच्यात ०.०८६ युनिट गतिज ऊर्जा असते. ७०० थांब्यांचे झाले ६०. पण घरं जवळजवळ असतील तिथे गाडी १० च्या वर जातच नाही, आणि वेग निम्मा झाला की ऊर्जा पाव होते. त्यामुळे परत मिळणारे २५ धरा, त्याहून जास्त धरू नका. राहिले १४५. इंजिनाची फुकटची उष्णता गेली, म्हणून केबिन गरम किंवा थंड ठेवायला आणि काचेवरचं धुकं काढायला १५ मिळवा. एका पाळीला १६० युनिट.

बॅटरी म्हातारी होऊन ८० टक्क्यांवर आली तरी पाळी पूर्ण व्हायला हवी: १६० ला ०.८ ने भागा, २०० आले. खाली १० टक्के राखीव आणि वर ५ टक्के मोकळे ठेवायचे, म्हणजे ०.८५ ने भागा: २३५. तुमचा मधला प्रस्ताव बरोबर बसतो. १४० वाल्याने दुपारचं चार्जिंग गृहीत धरलं असावं. ३६० वाला तुमच्याकडून जादा १२० युनिट, म्हणजे सुमारे ८०० किलो, रोज वाहून नेणार आहे.

हे सगळं झालं अंदाजाचं गणित. सही करण्याआधी गाडीच्या कॅन लाइनवर (कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या तारांवर) लॉगर लावून किमान दोन आठवडे नोंदी घ्या, त्यात आठवड्यातला सर्वांत जड दिवस आलाच पाहिजे. जे-१९३९ वर (ट्रकमधल्या या संदेशांचं प्रमाण) लागणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत: इंजिनाचा वेग आणि प्रत्यक्ष टॉर्कची टक्केवारी (पीजीएन, म्हणजे संदेशाचा क्रमांक, ६१४४४), घर्षण टॉर्कची टक्केवारी (६५२४७), संदर्भ टॉर्क (६५२५१), गाडीचा वेग (६५२६५) आणि इंधनाचा दर (६५२६६). यात एक चूक हमखास होते. प्रत्यक्ष टॉर्कच्या टक्केवारीत इंजिनाचं स्वतःचं घर्षणही मोजलेलं असतं. ते वजा केल्याशिवाय फ्लायव्हीलवरचा टॉर्क मिळत नाही. वजा न करता कोणी हिशोब केला तर आयडलिंगलाच भरपूर काम दिसतं आणि बॅटरीचा आकडा फुगतो. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये आला की वेगाने गुणून ९,५५० ने भागा, किलोवॅट मिळतात.

त्याबरोबर हायड्रोलिक पंपाच्या तोंडाशी ० ते २५० बारचा प्रेशर सेन्सर लावा. गाडी ओढायला किती लागलं आणि बॉडीला किती, हे वेगळं कळलं तरच पुढचे निर्णय नीट होतात.

सेल एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) घ्यावेत असं माझं मत आहे. किलोमागे ऊर्जा थोडी कमी मिळते, पण आयुष्य जास्त आणि तापण्याचा धोका कमी. त्यांचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे बीएमएसचा (बॅटरी सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा) टक्केवारीचा अंदाज हळूहळू भरकटतो. आठवड्यातून एकदा १०० टक्के चार्ज करून सेल समतोल होऊ द्या, नाहीतर ३० टक्के दाखवत असतानाच गाडी ताकद कमी करते. आणि सेल शून्य अंशाखाली असताना चार्जिंग नको. ऋण बाजूवर लिथियमचा थर बसतो आणि तो परत निघत नाही. बॅटरी गरम करायचा हीटर प्लग लावलेला असतानाच चालला पाहिजे.

तेल_आणि_दाब

बॉडीबद्दल. या कामात सर्वांत कमी वेळ बॉडीला दिला जातो आणि सर्वांत जास्त तक्रारी तिथूनच येतात.

पंपाला वेगळी मोटर लावा, यावर दुमत नको. गाडी ओढायच्या मोटरवरूनच पंप फिरवायचा म्हटलं तर गाडी उभी असताना ती मोटर फिरती ठेवायला क्लच किंवा न्यूट्रल लागतो आणि ७०० थांब्यांना तो जोडा-सोडावा लागतो.

मोटरचा आकार असा काढा: बार गुणिले लिटर प्रति मिनिट भागिले ६००. १८० बार आणि १०० लिटरला ३० किलोवॅट. पंप आणि मोटरची मिळून कार्यक्षमता ०.८ धरली तर बॅटरीतून ३७ ते ३८. हे शिखर झालं. २५ सेकंदांच्या दाबण्याच्या एका फेरीत सरासरी २० किलोवॅट धरली तर फेरीला ०.१४ युनिट, २५० फेऱ्यांचे ३५ युनिट. वरच्या १६० मधला पाचवा हिस्सा इथे जातो, म्हणून पंप विनाकारण फिरत ठेवणं परवडत नाही.

पण पूर्ण बंद-चालू करणंही सरळ नाही. जुन्या बॉडीतले व्हॉल्व्ह बहुतेक ओपन-सेंटर असतात, म्हणजे इंजिन चालू आहे तोवर तेल फिरतच असतं आणि बटण दाबताच डबा उचलला जातो. मोटर शून्यातून सुरू करायची म्हटलं की अर्धा-एक सेकंद काहीच होत नाही. कामगार पुन्हा बटण दाबतो, तिसऱ्यांदा दाबतो, मग डबा झटक्याने वर जातो. त्यावर उपाय असा: हँडब्रेक लागला आणि न्यूट्रल आलं की पंप ६०० आरपीएमवर बिनदाब फिरू द्या, बटण दाबलं की १,५००, आणि ३० सेकंदांत कोणी काही दाबलं नाही तर बंद. गिअर पंप ६०० च्या खाली दाबाखाली चालवू नका. आतला तेलाचा थर टिकत नाही आणि बुश घासतात.

वेग चढवतानाही सबुरी हवी. थंड तेल असताना पाव सेकंदात १,५०० वर नेलं तर सक्शनमध्ये पोकळी तयार होते, पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतो आणि काही महिन्यांत गिअरच्या दातांवर खड्डे दिसतात. एक सेकंदाचा चढ ठेवा. सक्शन होज मोजून घ्या: तेलाचा वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवायचा तर १०० लिटरला आतला व्यास ४६ मिमी लागतो, म्हणजे दोन इंची होज. पीटीओजवळचा पंप हलवून मागे नेताना जुनीच दीड इंची होज लांबवून वापरलेली दिसते. ते करू नका. पंप टाकीच्या पातळीखाली बसवा.

आता विजेच्या बाजूने. बॉडीचा पीएलसी (तिचा कंट्रोलर) चॅसीकडून काही सिग्नलांची वाट पाहत असतो: अल्टरनेटरचा डी-प्लस म्हणजे इंजिन चालू, पीटीओ जोडल्याची खूण, न्यूट्रल, हँडब्रेक. आणि तो स्वतः चॅसीकडे इंजिनाचा वेग वाढवण्याची मागणी पाठवतो. अल्टरनेटर काढला की डी-प्लस गेला, आणि हायड्रोलिक एकदम धडधाकट असूनही बॉडी मेल्यासारखी पडून राहते. हे सगळे सिग्नल नव्या कंट्रोलरमधून द्यावे लागतात. वेगाच्या मागणीची वायर थेट पंपाच्या मोटरला द्या. बॉडीचं वायरिंग डायग्राम मिळाल्याशिवाय इंजिनाचा एकही बोल्ट सोडू नका, असं मी म्हणेन.

मागच्या पायऱ्यांचे स्विच विसरू नका. पायरीवर माणूस उभा असताना वेग ३० च्या वर जाता कामा नये आणि रिव्हर्स लागता कामा नये, ही ईएन १५०१-१ या कचरा गाड्यांच्या युरोपीय मानकातली अट आहे. डिझेल गाडीत ही मर्यादा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या कंट्रोलमधून येत होती. ते दोन्ही काढल्यावर ती आपोआप नाहीशी होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण बाकी सगळं चालत असतं. पायरीवर माणूस असतो हो! ती नव्या कंट्रोलरमध्ये घाला आणि प्रत्येक पायरीवर वजन ठेवून तपासा.

मागचं लाल इमर्जन्सी बटण फक्त पंपाची मोटर आणि व्हॉल्व्ह बंद करेल असं ठेवा. त्याने मुख्य काँटॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) उघडला तर स्टिअरिंग आणि हवा दोन्ही जातात, शिवाय भाराखाली उघडल्याने काँटॅक्टरची टोकं जळतात.

चॅसी_फ्रेम

वजनावर लिहितो, पण त्याआधी एक गोष्ट. कुठली गाडी घ्यायची हे ठरवताना बॉडीकडे आधी बघा. नवी बॅटरी आणि मोटर आठ-दहा वर्षं चालणार, तर चॅसी आणि बॉडीही तेवढी चालायला हवी. हॉपरचा (कचरा टाकायच्या मागच्या भागाचा) तळ जाडी मोजायच्या मीटरने तपासा, कचरा दाबणाऱ्या पॅकर प्लेटच्या रुळांची झीज, टेलगेटचे बिजागर आणि सील बघा. फ्रेमला तडे जातात ते मागच्या स्प्रिंगच्या हँगरपाशी आणि सबफ्रेम (बॉडीखालची चौकट) जिथे संपते तिथे. रंग खरवडून डाय-पेनिट्रंट (तडे दाखवणारा रंगीत द्रव) मारल्याशिवाय ते दिसत नाहीत. सबफ्रेम आणि फ्रेम यांच्या मध्ये गंजाने पापुद्रे फुगले असतील तर ती गाडी सोडून द्या, दुसरी निवडा.

तुमच्या वर्गाच्या गाडीचं ढोबळ वजन असं पडतं. निघतं ते: इंजिन ८०० किलो, रिटार्डरसह गिअरबॉक्स ३००, सायलेन्सर आणि धूर शुद्ध करायची यंत्रणा २००, भरलेली टाकी २००, रेडिएटर आणि किरकोळ १००. मिळून १,६००. बसतं ते: २४० युनिटची एलएफपी बॅटरी १,६००, मोटर आणि तिचा गिअरबॉक्स ३५०, इन्व्हर्टर, कॉम्प्रेसर, स्टिअरिंग पंप आणि कूलिंग २५०, ब्रॅकेट, केबल आणि बाजूची गार्ड २५०. मिळून २,४५०. म्हणजे कचऱ्याची क्षमता सुमारे ८५० किलोंनी घटली.

तेवढं मान्य असेल, तरी खरा प्रश्न ते वजन कुठे बसतं हा आहे. इंजिन पुढच्या ॲक्सलच्या जवळ होतं. ते काढून बॅटरी मागे नेली तर पुढचा ॲक्सल हलका होतो, आणि कॉम्पॅक्टर भरला की मागचा लोंबता भार त्याला आणखी उचलतो. अनेक चॅसी उत्पादकांच्या बॉडीबिल्डर पुस्तिकेत पुढच्या ॲक्सलवर किमान २० टक्के भार मागितलेला असतो. त्याखाली गेलं की ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग फिरतं आणि गाडी सरळ जाते.

प्रत्येक वस्तूचं गणित वेगळं करा: वजन गुणिले मागच्या ॲक्सल जोडीच्या मध्यापासूनचं अंतर, भागिले व्हीलबेस. एवढं पुढे गेलं, बाकी मागे. व्हीलबेस ४ मीटर असेल आणि ४०० किलोचा पॅक मागच्या मध्यापासून १ मीटर पुढे लटकवला, तर पुढच्या ॲक्सलवर फक्त १०० येतात, मागे ३००. म्हणून पहिले पॅक इंजिनाच्या रिकाम्या जागेत, केबिनखाली. उरलेले टाकी आणि सायलेन्सरच्या जागी, शक्य तितके पुढे. काम सुरू करण्याआधी गाडी ॲक्सलवार काट्यावर घ्या, झाल्यावर रिकामी घ्या, भरल्यावर परत घ्या.

बॅटरीचे बॉक्स कसे धरायचे तेही सांगतो, कारण इथे चूक झाली की ती वर्षभरानंतर दिसते. ट्रकची फ्रेम चालताना पिळवटते. तशी ती पिळवटावी म्हणूनच बनवलेली असते. बॅटरीचा बॉक्स मात्र कडक असतो. चार कोपऱ्यांवर घट्ट आवळला तर फ्रेमचा पीळ बॉक्समध्ये शिरतो: आधी ब्रॅकेटच्या वेल्डच्या टोकाला केसासारखी रेघ येते, मग तिच्यातून गंजाचा तांबूस ओघळ उतरतो, मग झाकणाचं गॅस्केट एका कोपऱ्यात उघडतं. तीन बिंदूंवर, रबर बुशवर धरा. फ्रेमच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, फक्त उभ्या वेबला, आणि शक्यतो कारखान्याच्या जुन्या भोकांतूनच. फ्रेमवर वेल्डिंग बिलकुल नाही. बोल्ट १०.९ ग्रेडचे, पहिल्या १,००० किमीनंतर टॉर्क पुन्हा तपासायचा.

चढ_आणि_ब्रेक

गिअरबॉक्सवर: जुना ऑटोमॅटिक काढा.

तो ठेवला तर काय होतं ते सांगतो. त्याचा तेलपंप इनपुटवर चालतो. मोटर थांबली की तेलाचा दाब जातो आणि आतले क्लच सुटतात. प्रत्येक थांब्यानंतर ॲक्सिलरेटर दाबला की आधी दाब भरणार, मग क्लच धरणार, मग गाडी हलणार. ते टाळायला मोटर सतत आयडलवर फिरती ठेवावी लागते, म्हणजे डिझेलची सवय परत आली. शिवाय टॉर्क कन्व्हर्टर लॉक झाल्याशिवाय ब्रेकची ऊर्जा मागे येत नाही, आणि तुमच्या वेगाला तो बहुतेक वेळ लॉक नसतोच.

पण काढल्यावर मोटर थेट प्रॉपेलर शाफ्टला जोडावी का? २० टक्क्यांचा चढ आहे म्हणता, तर हिशोब बघा. २६ टन, चढासाठी ५० किलोन्यूटन, रोलिंगसाठी अडीच, मिळून ५२.५. टायरची त्रिज्या ०.५ मीटर, म्हणून चाकांवर २६,३०० न्यूटन-मीटर. डिफरन्शिअल ५.५ चं आणि कार्यक्षमता ०.९३ धरली तर शाफ्टवर ५,१०० लागतात. ३,५०० न्यूटन-मीटरची थेट मोटर भरल्या गाडीला साधारण १३ टक्क्यांच्या चढापर्यंतच उभ्यावरून उचलू शकते. तेव्हा दोन गिअरचा बॉक्स असलेली मोटर घ्या. ताशी ८० ला शाफ्ट २,३०० च्या आसपास फिरतो, वरच्या गिअरला तो सहज झेपतो. रिकाम्या गाडीचा चढावरचा व्हिडिओ दाखवणाऱ्याला भरलेल्या गाडीचा दाखवायला सांगा.

चढावर गाडी मोटरच्या जोरावर धरून ठेवू देऊ नका. शून्य वेगाला मोटरमध्ये टॉर्क मागितला की तिन्ही फेजपैकी एकाच फेजच्या स्विचमधून सगळा करंट जातो आणि तो काही सेकंदांत तापतो. गाडी थांबली की हवेच्या ब्रेकने आपोआप धरायला हवी, आणि मोटरचा टॉर्क चढल्यावरच ब्रेक सुटायला हवा. हे सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर ७०० थांब्यांच्या गाडीत इन्व्हर्टर फार काळ टिकत नाही.

ब्रेकच्या बाबतीत तीन गोष्टी. एक: एबीएस जागं झालं की मोटरचा ब्रेक त्याच क्षणी शून्यावर आला पाहिजे. मोटर फक्त मागच्या चाकांना धरते, आणि कचऱ्याच्या पाण्याने बुळबुळीत झालेल्या रस्त्यावर ती चाकं चटकन लॉक होतात. दोन: गिअरबॉक्सबरोबर रिटार्डर गेला. सकाळी बॅटरी भरलेली असताना ऊर्जा परत घेता येत नाही, म्हणजे त्या वेळी मोटर ब्रेकही नाही. डेपो उंचावर असेल आणि पहिलाच रस्ता उताराचा असेल तर ब्रेकिंग रेझिस्टर लावा, किंवा चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवा. संयुक्त राष्ट्रांच्या आर-१३ नियमात मोटर ब्रेक आणि हवेचा ब्रेक यांच्या मेळाच्या अटी आहेत, प्रस्ताव देणाऱ्याकडून त्या चाचणीचा कागद मागा. तीन: ड्रम ब्रेक आता कमी वापरले जातात, म्हणून अस्तर गुळगुळीत होतं आणि ड्रमवर गंज धरतो. आठवड्यातून एकदा मोटर ब्रेक बंद करून चार-पाच दमदार ब्रेक मारा, आणि स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकची फट जुळवणारा) पूर्वीच्याच वेळापत्रकाने तपासा.

डेपो_वर्कशॉप

फार उपयोगी माहिती, मनापासून आभार. बॉडीचं वायरिंग डायग्राम आणि पायऱ्यांच्या स्विचचा मुद्दा तर यादीतच नव्हता. आणखी दोन शंका. इंजिनाचा कंट्रोलर काढल्यावर डॅशबोर्ड आणि ब्रेकचा कंट्रोलर तक्रार करणार नाहीत का? आणि गाड्या रोज प्रेशर पंपाने धुतल्या जातात. ६०० व्होल्ट आणि पाणी यांचं कसं जमवायचं?

नारिंगी_केबल

तक्रार करणारच. ईबीएसला (ब्रेकच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरला) इंजिनाचा वेग आणि टॉर्क दर १०-२० मिलिसेकंदांनी हवा असतो. चाक घसरलं की टॉर्क कमी करायची आज्ञा तो इंजिनाच्या पत्त्यावर पाठवतो, आणि रिटार्डरकडूनही उत्तराची अपेक्षा ठेवतो. एक गेटवे कंट्रोलर मध्ये बसवून हे सगळे संदेश तयार करावे लागतात. संदेश नुसते दिसायला बरोबर असून भागत नाही. टॉर्क कमी करायची आज्ञा आली की मोटरने ती खरोखर पाळली पाहिजे, नाहीतर दिवा विझलेला आणि ट्रॅक्शन कंट्रोल निकामी, अशी गाडी रस्त्यावर जाईल. 'इंजिन चालू' हा संदेश मी स्टिअरिंग पंप आणि हवेचा कॉम्प्रेसर तयार झाल्यावरच पाठवेन. स्टिअरिंगला २४ व्होल्टवर चालणारा राखीव पंप असू द्या. चालत्या गाडीत मुख्य वीज गेली तर २६ टन हाताने वळवता येत नाहीत.

आता पाणी. इथे सगळ्यांची एकच गैरसमजूत असते: आयपी६७ म्हणजे पाणी आत जाणार नाही. आयपी६७ ही बुडवून ठेवण्याची चाचणी आहे, प्रेशर जेटची नाही. जेटसाठी आयपी६के९के वेगळं आहे. मागच्या पंपाच्या मोटरला आणि तिच्या कनेक्टरला दोन्ही लिहिलेली असावीत.

पण जेटपेक्षा घातक गोष्ट वेगळी आहे. पाळी संपवून आलेल्या गाडीत इन्व्हर्टरचा बॉक्स गरम असतो आणि आतली हवा फुगलेली. त्यावर थंड पाणी पडलं की हवा आकसते, आत निर्वात होतो, आणि केबल ग्लँडच्या (केबल आत शिरते तिथल्या सीलच्या) कडेला साचलेला पाण्याचा थेंब आत ओढला जातो. रोज एक-दोन थेंब. चार महिन्यांनी तळाशी चमचाभर पाणी निघतं, आणि ते कचऱ्याचं खारट-आंबट पाणी असतं, बसबारवर हिरवा थर चढवणारं. म्हणून प्रत्येक बॉक्सला हवा जाऊ देणारा आणि पाणी अडवणारा झिल्लीचा व्हेंट हवा, तोंड खाली करून. केबल ग्लँडही खालून, आणि केबलला ग्लँडच्या आधी एक झोल, म्हणजे पाणी झोलावरून टपकेल. पाळी संपल्यावर अर्धा तास थांबून धुवा. नारिंगी (हाय व्होल्टेजच्या) केबलच्या कनेक्टरवर थेट जेट नको.

इन्सुलेशन मॉनिटर (वीज चॅसीत गळते का ते मोजणारा) लावाल तेव्हा आकडा लक्षात ठेवा: व्होल्टमागे ५०० ओहम, म्हणजे ६५० व्होल्टला ३२५ किलो-ओहम. चांगली गाडी मेगा-ओहममध्ये असते. त्यामुळे अलार्मची वाट न पाहता रोजचं वाचन लिहून ठेवा. ते हळूहळू उतरू लागलं की कुठेतरी ओल शिरते आहे. सकाळी दोष दाखवून दुपारी गप्प होणारी गाडी ही ओलीचीच केस असते. शाखा एकेक सोडवून बघा, सुरुवात केबिन हीटर, मागची पंपाची मोटर आणि कॉम्प्रेसर यांच्यापासून करा.

गाडी सुरूच होत नाही, प्री-चार्ज (मुख्य काँटॅक्टर जोडण्याआधी कपॅसिटर हळू भरणं) फेल दाखवते, हा दोष नव्या गाडीत येतो. इन्व्हर्टरांचे कपॅसिटर मिळून ३ मिलिफॅरड आणि रेझिस्टर १०० ओहम असेल तर ९५ टक्के भरायला ०.९ सेकंद लागतात. त्या वेळात डीसी-डीसी कन्व्हर्टरने (२४ व्होल्टची वीज बनवणाऱ्या) ५०० वॅट ओढायला सुरुवात केली तर पाऊण ॲम्पिअर जातो, रेझिस्टरवर ७५-८० व्होल्ट पडतात आणि ९५ टक्के कधी येतच नाहीत. मग कोणीतरी मर्यादा ८५ वर आणून ठेवतं. तसं करू नका, त्याने काँटॅक्टर चिकटतो. प्री-चार्ज संपेपर्यंत सगळे भार बंद ठेवणारी ओळ कंट्रोलरमध्ये घालायची.

आणखी एक, जे सगळ्यांनी मनावर घ्यायला हवं. कचऱ्यात आलेले लिथियम सेल पॅकरखाली चिरडले गेले की बॉडीत आग लागते. अशा वेळी कचरा मोकळ्या जागी बाहेर ढकलणं हा पहिला उपाय, आणि तो करायला पंपाची मोटर चालू लागते. धुराच्या सेन्सरने आपोआप मुख्य वीज तोडली तर कचरा आतच जळत राहणार, शेजारी बॅटरी. बॉडीच्या आगीचा आणि बॅटरीच्या आगीचा इशारा वेगळा ठेवा. पहिल्यात चालकाला आवाज आणि दिवा, वीज चालू. दुसऱ्यात माणसं बाहेर, वीज बंद. बॉडी आणि बॅटरी बॉक्स यांच्यामध्ये उष्णता अडवणारा पत्रा, मध्ये हवेची फट ठेवून.

मीटर_आधी

चार्जिंगचं राहिलं होतं. रोजचे १६० युनिट, चार्जरचा तोटा धरून भिंतीतून १७५. गाडीवरच २२ किलोवॅटचा चार्जर असेल तर आठ तास. २० गाड्यांनी एकदम प्लग लावला तर ४४० किलोवॅटचा भार उभा राहतो. दहा तासांत वाटून दिला तर ३५० पुरतात, तेव्हा भार वाटणारी यंत्रणा घेतलीच पाहिजे. सॉकेट पुढे, चालकाच्या दाराजवळ ठेवा. मागे ठेवलं तर हॉपरचं पाणी त्यात जाणार, आणि प्लग न काढता गाडी पुढे घेण्याचा प्रकारही घडणार. प्लग लागलेला असताना गाडी हलणार नाही हा इंटरलॉक स्वतः तपासून बघा.

चढ_आणि_ब्रेक

आणि सगळ्या गाड्यांचं काम एकदम देऊ नका. पहिली गाडी २६ टन भरून त्या २० टक्क्यांच्या चढावर तीनदा थांबवून उचला, इन्व्हर्टरचं तापमान लिहा. मग जागेवर उभी करून ५० वेळा सलग दाबण्याची फेरी चालवा, तेलाचं तापमान लिहा. मग एक आठवडा रोज धुऊन इन्सुलेशनचं वाचन घ्या. तिन्ही कागद हातात आल्यावर दुसऱ्या गाडीचं इंजिन उतरवा.